थ्रू गाडी आणि पलीकडचा दिवा

दौंड-मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनात मी अकरा वर्षं रात्रपाळ्या केल्या. रुळांच्या पलीकडे एका शेतकऱ्याची विहीर होती आणि तिच्या पंपाच्या खोपीवर एक पिवळा बल्ब रात्रभर जळत असायचा. न थांबणारी गाडी, आमच्या भाषेत थ्रू गाडी, आली की स्टेशन मास्तरने बाहेर येऊन उभं राहायचं असतं. कुठलं चाक तापलंय का, खाली काही लोंबतंय का, शेवटच्या डब्याचा लाल दिवा आला का, हे बघायचं आणि गार्डाला हात-बत्तीचा हिरवा प्रकाश दाखवायचा. सगळं ठीक, पुढे जा.

मालगाडीत उजेड नसतो. अमावास्येच्या रात्री ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. पण पलीकडचा बल्ब लपतो. वाघिणींच्या मधल्या फटींतून तो लुकलुकतो, पुन्हा लपतो, आणि गाडी सरली की जागच्या जागी तसाच असतो. गाडीकडे न बघता नुसत्या त्या बल्बकडे बघून मला तिची लांबी सांगता यायची. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम १७ मीटर. बल्ब ४० सेकंद लपला तर गाडी साडेसहाशे-पावणेसातशे मीटरची. किती वेळा लुकलुकला ते मोजलं तर वाघिणी किती हेही कळतं. पॉइंट्समन मला वेडा समजायचा.

निवृत्तीनंतर आठ इंची दुर्बीण घेतली, तालुक्याच्या गावी घराच्या गच्चीवर ठेवली आणि कळलं, की हाच उद्योग खगोलशास्त्रज्ञ दीडदोनशे वर्षं करत आलेत. त्याला पिधान म्हणतात. पंचांग चाळणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. चंद्राने रोहिणीचं पिधान केलं अशी बातमी अधूनमधून येते. चंद्र सरकत सरकत ताऱ्यापुढे येतो आणि तारा झाकतो. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतो, कारण तारा मंद होत होत जात नाही. बटण दाबल्यासारखा विझतो. चंद्राला हवा नाही, आणि तारा इतका लांब, की आपल्याला तो टिंबच. टिंबाला अर्धवट झाकायला सवडच नसते.

चंद्र ओळखीचा आहे. खरी गंमत सूर्यमालेच्या पार कडेला फिरणाऱ्या वस्तूंची. नेपच्यूनच्या पलीकडे कायपर पट्ट्यात बर्फाळ गोळे आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा कितीही मोठ्या दुर्बिणीतून एक बारीक ठिपकाच दिसतो. अॅरोकॉथ नावाचा एक आहे, सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा. म्हणजे पुण्यातून तळेगावला जावं एवढा. अंतर साडेसहाशे कोटी किलोमीटर. मुंबईत उभं राहून सिंगापूरला कुणी एक रुपयाचं नाणं धरलंय, ते गोल आहे की चेपलेलं हे सांगा, असा तो प्रश्न. हबल दुर्बिणीलाही ते जमत नाही.

पण ते नाणं एखाद्या ताऱ्यासमोरून गेलं तर?

ताऱ्याचे किरण आपल्यापर्यंत येईतो जवळजवळ समांतर झालेले असतात. त्यामुळे त्या गोळ्याची सावली पृथ्वीवर पडते ती त्याच्याच आकाराची. ३५ किलोमीटरचा गोळा, ३५ किलोमीटरची सावली. ताऱ्याच्या उजेडातली ही सावली कुणाच्या डोळ्यांना जाणवणार नाही, कोंबडंही आरवणार नाही. ती सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने जमिनीवरून धावत जाते, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या पृथ्वीच्याच वेगाचा असतो. मुंबई ते पुणे सहा-सात सेकंदांत. डेक्कन क्वीनला तीन तासांवर लागतात. अॅरोकॉथच्या सावलीत तुम्ही सापडलात तर तारा फार तर एक-दोन सेकंद जाणार. तेवढ्या वेळात दुर्बीण, कॅमेरा आणि घड्याळ जागेवर पाहिजेत, आणि तुम्ही सावलीच्या वाटेत पाहिजेत. त्याला माझ्यासारख्याची आठ इंची पुरते असं नाही, पण सोळा इंची पुरते. बोळातून बाहेर काढून टेम्पोत टाकता येईल एवढी.

एका माणसाला एकच रेघ मिळते. भाकरीवर सुरीचा एक काप द्यावा आणि त्या कापाची लांबी मोजावी, तसं. भाकरी केवढी आहे हे त्यातून कळत नाही. काप मधून गेला की कडेने, कुणास ठाऊक. पण वाटेला आडव्या ओळीत दहा-वीस माणसं उभी केली आणि प्रत्येकाने आपापला काप मोजला, तर ते सगळे शेजारी शेजारी मांडून भाकरीचा घेर काढता येतो. काहींना काहीच मिळत नाही. भाकरी कुठे संपली ते त्यांच्यामुळे कळतं.

या विषयातली माझी सर्वांत आवडती रात्र १० मार्च १९७७ ची. भारतात तेव्हा अकराची पहाट व्हायची होती. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि बहुधा गाढ झोपलेला होतो. युरेनस त्या रात्री तूळ राशीतल्या एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता. ताऱ्याला नावही नाही, यादीतला नंबर फक्त: एसएओ १५८६८७. युरेनसचा व्यास आणि त्याची हवा मोजावी एवढाच सगळ्यांचा बेत.

अमेरिकेचे जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी यासाठी एका विमानात बसले होते. कायपर हवाई वेधशाळा म्हणून ओळखलं जाणारं ते सी-१४१ जातीचं मालवाहू विमान. त्यात ३६ इंची दुर्बीण बसवलेली. (पट्टा आणि विमान दोघांनाही एकाच शास्त्रज्ञाचं नाव, जेरार्ड कायपर.) ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून उडून ते हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर, ढगांच्या वर घिरट्या घालत होतं. युरेनस नेमका किती वाजता ताऱ्यासमोर येईल याचा अंदाज कच्चा होता, म्हणून त्यांनी यंत्रं चाळीसेक मिनिटं आधीच चालू केली. गाडी लेट असेल की बिफोर हे माहीत नसलं की आम्हीही असंच आधीपासून फलाटावर जाऊन उभे राहायचो.

ग्रह येण्याच्या सुमारे ३५ मिनिटं आधी ताऱ्याचा उजेड काही सेकंद खाली आला आणि परत वर गेला. मग पुन्हा. मग पुन्हा. विमानातल्यांना आधी वाटलं, ढगाचा पुंजका आला असेल, यंत्र बिघडलं असेल, नाहीतर छोटे उपग्रह असतील. ग्रह आला, तारा गेला, तारा परत आला. आणि ग्रहाच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच लुकलुकणं झालं. परतल्यावर एलियट यांनी आलेखाची कागदी पट्टी उलगडून आधीचे आणि नंतरचे खड्डे ग्रहापासूनच्या अंतरांप्रमाणे जुळवले. पाच इकडे, पाच तिकडे, जोडीजोडीने. उपग्रह असे दोन्ही बाजूंना नेमक्या अंतरांवर कसे उभे राहतील? ती कडी होती. तोवर कडी म्हणजे शनी, एवढंच जगाला माहीत होतं. पुढे या कड्यांची संख्या नऊवर गेली आणि १९८६ च्या जानेवारीत व्हॉयेजर-२ ने जवळून फोटो काढले.

त्याच रात्री, त्याच ताऱ्याकडे, तमिळनाडूतल्या कावलूरहून जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी बघत होते. तिथली एक मीटरची झाइस दुर्बीण तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला पिधानाची सवय होती: ७ जून १९७२ ला गुरूचा चंद्र गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा कावलूर आणि इंडोनेशियातलं लेंबांग अशा दोन ठिकाणांहून ते टिपलं गेलं होतं. १९७७ च्या त्या रात्रीही कावलूरला ग्रह येण्याआधी तारा काही सेकंद मंदावलेला दिसला. त्यांनी 'नेचर'मध्ये तसं कळवलं: युरेनसचा नवा उपग्रह.

हे वाचून कुणी चुकचुकलं तर मला राग येतो. भारतीयांची संधी हुकली, असं बोलायची आपल्याकडे एक हौस आहे. अंधारात उभ्या माणसाला बल्ब एकदा लपलेला दिसला तर तो काय म्हणेल? ट्रॉली गेली. रिकामं इंजिन गेलं. अख्खी गाडी गेली हे म्हणायला पुढच्या-मागच्या फटी मोजायला मिळाव्या लागतात. शिवाय कावलूरकरांनी नोंद नीट ठेवली होती, म्हणूनच तीच नोंद पुन्हा बारकाईने तपासता आली, आणि त्याच वर्षी भट्टाचार्य आणि वेणू बापू यांनी युरेनसच्या कड्यांवर दुसरा निबंध लिहिला. रजिस्टर नीट असेल तर माणसाच्या अंदाजाला दुरुस्ती करता येते. रजिस्टरच नसेल तर अंदाज बरोबर येऊनही उपयोग नाही. हे मी चौकशी समित्यांसमोर बसून शिकलोय.

काही वर्षांपूर्वी मी कावलूरला मुद्दाम गेलो. जवादीच्या डोंगरात, झाडीत. मोठा घुमट २.३ मीटरच्या दुर्बिणीचा, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. मी त्या एक मीटरवालीचा घुमट विचारला. शेजारच्या सहलीतल्या एका बाईंनी विचारलं, "यात काय विशेष?" मला नीट सांगता आलं नाही. हा लेख त्या बाईंसाठी आहे असं समजा.

युरेनसच्या गोष्टीत तारा फटींतून लुकलुकला. प्लूटोच्या गोष्टीत तो वेगळं वागला. ९ जून १९८८ ला प्लूटो एका ताऱ्यासमोरून गेला, आणि पुन्हा एलियट त्याच विमानात होते. तारा चंद्राआड जातो तसा झटकन विझला नाही. उतरत गेला, जसा स्टेशनाबाहेर धुक्यात शिरणाऱ्या गाडीचा मागचा दिवा उतरत जातो. प्लूटोला हवा आहे, विरळ पण खरी, आणि तिने किरण वाकवले. उजेड कोणत्या चालीने उतरला त्यावरून त्या हवेचा दाब काढता येतो. इथे बसून. मला अजूनही हे थोडं चोरट्यासारखं वाटतं.

पुढची तीस वर्षं शास्त्रज्ञ प्लूटोमागे पिधानं गोळा करत फिरले, कारण एक कोडं पडलं होतं. १९८९ मध्ये प्लूटो सूर्याच्या सर्वांत जवळ आला आणि नंतर लांब जायला लागला. लांब गेला की गारठणार, हवा बर्फ होऊन खाली बसणार, दाब घटणार, असा हिशेब. झालं उलटं. १९८८ पासून पुढच्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत दाब जवळजवळ तिप्पट झाला. दुपारी बारा वाजून गेले तरी फलाटाची फरशी तीन वाजता जास्त पोळते, त्या जातीचं हे. प्लूटोवर नायट्रोजनच्या बर्फाचं मोठं मैदान आहे. त्यावर पडणाऱ्या उन्हाचा परिणाम हवेत उतरायला वर्षंच्या वर्षं लागतात.

मग तो दाब उतरायला लागला का? ६ जून २०२० चं पिधान भारतातून दिसणार होतं. टाळेबंदी नुकती सैल होत होती, गाड्यासुद्धा मोजक्याच धावत होत्या. नैनितालजवळच्या देवस्थळ वेधशाळेतून ३.६ मीटर आणि १.३ मीटर अशा दोन दुर्बिणींनी ते टिपलं. निष्कर्ष: प्लूटोच्या पृष्ठभागावरचा दाब सुमारे १२ मायक्रोबार, म्हणजे आपल्या हवेचा अंदाजे ऐंशी हजारावा भाग, आणि २०१५ पासून तो चढलेलाही नाही, उतरलेलाही नाही. ब्रुनो सिकार्दी या फ्रेंच शास्त्रज्ञांचं नाव निबंधावर पहिलं आहे. खाली वाचत गेलं की तीन आडनावं ओळीने अशी लागतात, की आपल्या तालुक्याची मतदारयादी वाटावी. मी तो कागद छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आता अॅरोकॉथ. त्याची कथा मी दरवेळी जरा रंगवून सांगतो, पण इथे जपून. नासाचं न्यू होरायझन्स यान प्लूटोला भेटून पुढे निघालं होतं आणि त्याला १ जानेवारी २०१९ ला या गोळ्याजवळून न्यायचं होतं. पण तो गोळा २०१४ मध्येच हबलला सापडलेला. सूर्याभोवती त्याच्या एका फेरीला तीनशेच्या आसपास वर्षं लागतात आणि आपण त्याला तीन वर्षं पाहिलंय. एवढ्यावर त्याची वाट कशी सांगणार? शिवाय ताऱ्याची जागाही अचूक पाहिजे. इथे युरोपचं गाइया यान कामाला आलं. शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या या यानाची पुढची यादी २०१८ मध्ये यायची होती. लागणाऱ्या ताऱ्यांच्या जागा तेवढ्या आधीच मागून घेतल्या.

३ जून २०१७ ला पहिला प्रयत्न. अर्जेंटिनात आणि दक्षिण आफ्रिकेत पथकं उभी राहिली. कुणालाही काही दिसलं नाही. १० जुलैला विमानातून दुसरा. १७ जुलैला तिसरा, दक्षिण अर्जेंटिनात, पॅटागोनियातल्या कोमोदोरो रिवादाविया गावाजवळ. तिकडे जुलै म्हणजे ऐन थंडी आणि वारा असा, की दुर्बीण थरथरणार. चोवीस दुर्बिणी माळावर ओळीने लावल्या. वारा अडवायला गावकऱ्यांनी ट्रक आणून आडवे उभे केले. रस्त्यावरचे दिवे बंद झाले. गाड्यांचे हेडलाइट नकोत म्हणून हमरस्ता दोन तास अडवला. एका ताऱ्याच्या एका सेकंदासाठी दोन तासांचा ब्लॉक! आमच्याकडे मेगाब्लॉक जाहीर झाला की प्रवासी काय म्हणतात ते आठवून मला त्या गावाबद्दल फार आदर वाटतो.

पाच दुर्बिणींना तारा लपलेला दिसला, बाकीच्यांना नाही. पाच काप शेजारी मांडले तर एक गोल भाकरी होईना. दोन होत होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. दीड वर्षाने यान जवळून गेलं आणि चित्र आलं ते तसंच: दोन चपटे गोळे, मध्ये बारीक मान.

हे सगळं मोठ्या खर्चाचं. पण २०१३ मध्ये चारिक्लो नावाच्या २५० किलोमीटरच्या वस्तूभोवती दोन कडी सापडली, तीही पिधानातूनच, आणि त्यांना ब्राझीलच्या दोन टोकांच्या नद्यांची टोपणनावं मिळाली, ओयापोक आणि शुई. क्वावार नावाच्या कायपर पट्ट्यातल्या गोळ्याचं कडं २०२३ मध्ये जाहीर झालं. ते गोळ्यापासून इतकं लांब आहे, की नियमाप्रमाणे त्यातल्या खड्यांचा एव्हाना चंद्र व्हायला हवा होता. का झाला नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. त्या शोधासाठीच्या नोंदींत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांच्याही नोंदी होत्या. घरामागच्या अंगणातून घेतलेल्या.

तेव्हा आम्हीही लागलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी पुतणी. ती कॅमेरा आणि लॅपटॉप सांभाळते, मी दुर्बीण आणि थर्मास. कायपर पट्ट्यापर्यंत आमची मजल नाही. मंगळ-गुरूच्या मधले लघुग्रह आम्हाला परवडतात. पहिल्यांदा ढग. दुसऱ्यांदा नगरच्या बाजूला एका माळावर रात्रभर बसलो, तारा हलला नाही की मिटला नाही. परतताना हमरस्त्यावर चहावाल्याने विचारलं, "काय दिसलं?" मी म्हणालो, "सगळं दिसत राहिलं." त्याने माझ्या कपात साखर जास्त घातली.

तिसऱ्या वेळी तारा गेला. फाइलीत स्वच्छ खड्डा. पण लॅपटॉपचं घड्याळ दोन सेकंदांनी मागे निघालं, म्हणजे सावलीची जागा पन्नासेक किलोमीटरने चुकलेली. मला त्या रात्री झोप लागली नाही. नोकरीत रोज दुपारी चार वाजता कंट्रोलवरून वेळ यायची आणि त्या ठोक्याला प्रत्येक स्टेशनातलं घड्याळ जुळवलं जायचं. एकही दिवस मी ते चुकवलं नाही. आणि इथे, जिथे वेळेशिवाय दुसरं काही मोजायचंच नव्हतं, तिथे चूक. पुढच्या पगारात पुतणीने जीपीएसवरून प्रत्येक चौकटीवर वेळ उमटवणारा कॅमेरा आणला. मी निम्मे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटे तीन, माळावर आमच्याशिवाय कुणी नाही, फक्त लांब एक कुत्रं. ती पडद्याला डोळे लावून बसलेली, मी नळीतून बघत उभा. अंदाजाच्या वेळेला तीन सेकंद असताना तारा विझला. मी मनात मोजायला लागलो, जुन्या सवयीने, एक-हजार-एक, एक-हजार-दोन. चार पूर्ण झाले आणि तो जागच्या जागी परत लागला, पंपाच्या खोपीवरचा बल्ब लागायचा तसा. गाडी पुरी गेली, सगळं ठीक. माझा उजवा हात आपसूक वर गेला आणि खिशातली टॉर्च पेटली.

"काका! दिवा बंद करा, अजून रेकॉर्डिंग चालू आहे!"